लाट आणि ओघ : नीरा-भीमेच्या काठावरून एका कल्पनेचा इतिहास

१

मराठी वाङ्मयेतिहासाच्या लेखनाने पाण्याकडून दोन शब्द उसने घेतले आहेत : ‘प्रवाह’ आणि ‘लाट’. जे टिकले, ज्याचा मागच्या-पुढच्याशी धागा जुळतो, त्याला आपण प्रवाह म्हणतो. जे उसळले आणि विरले, ती लाट. नवकवितेची लाट, लघुनियतकालिकांची लाट, विज्ञानकथेची लाट अशी मांडणी झाली की पुढचे वाक्य ठरलेलेच असते : कालांतराने ही लाट ओसरली. वरवर पाहता ही नुसती नोंद आहे, पण तिच्यात एक निवाडा दडलेला असतो. लाट आली, गेली, आणि पाणी होते तिथेच राहिले, असे तिच्यातून सुचवले जाते. म्हणून वाङ्मयीन चळवळीला ‘लाट’ म्हणणे हे बहुतेक वेळा तिला सभ्य शब्दांत निरोप देणे असते.

या निवाड्यामागे शाळेत शिकलेले एक शास्त्रीय विधान आहे. लाटेबरोबर पाणी पुढे जात नाही, केवळ आकार पुढे जातो. पाण्याचा कण आपल्या जागी वरखाली होत राहतो. हे विधान खोटे नाही, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे शोधण्यात एकोणिसावे आणि विसावे शतक खर्ची पडले. येणेजाणे संपूर्ण फिटत नाही, त्यातून काहीतरी शिल्लक राहते, आणि त्या शिलकीतून एक संथ ओघ निर्माण होतो, असे त्या उरलेल्या अर्ध्या भागाचे सांगणे आहे. लाट आणि प्रवाह हे एकमेकांचे विरोधी शब्द नाहीत. काही ठिकाणी लाटच प्रवाहाची जननी असते. हा इतिहास पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या काठाने सांगावा, असे आम्ही योजले आहे. त्यामागे निव्वळ हौस नाही. येण्याजाण्यातून काय उरते हा प्रश्न या मुलखाने शेतात, जलाशयात आणि आभाळात असा तिन्ही ठिकाणी अनुभवला आहे.

शेतापासून सुरुवात करू. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. १८७६-७८च्या दुष्काळानंतर, १८८०च्या दशकात, नीरेचा डावा कालवा इथल्या रानांत आला आणि जिरायतीचे बागायत होऊ लागले. कालव्याच्या पाण्याला इथे ‘पाळी’ म्हणतात, सरकारी कागदांत ‘आवर्तन’. गायनात आणि तबल्यात जो आवर्तन शब्द तालाचे एक पूर्ण वर्तुळ सांगतो, तोच शब्द पाटबंधारे खात्यात पाण्याची एक फेरी सांगतो. वर्तुळ पूर्ण झाले की आपण समेवर परत येतो, ही त्या शब्दामागची श्रद्धा. पाणी येते, पीक ते पिते, उरलेले उडून जाते किंवा झिरपते. पुढच्या पाळीपर्यंत रान होते तसे होते.

पण तसे होत नव्हते. प्रत्येक पाळीबरोबर थोडे पाणी खाली मुरे आणि भूजलाची पातळी चढवी. ती जमिनीच्या वरच्या थराजवळ आली की केशाकर्षणाने पाणी वर येई, उन्हाने उडून जाई आणि विरघळलेले क्षार मागे ठेवी. पाणी वर-खाली दोन्हीकडे जात होते. क्षार मात्र वरच साचत होते. शेतकऱ्याच्या भाषेत रानाला मीठ फुटले. काळी जमीन चोपण झाली. १९०३च्या सुमारास मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी ‘ब्लॉक पद्धत’ सुचवली, तिच्या मागे बारमाही ओलिताने जमीन पाणथळ होण्याची ही चिंताही होती. १९१० साली हॅरोल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवर मुंबई इलाख्याच्या शेती खात्यासाठी स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. कालवा सुरू होऊन तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती.

शेतातली ही प्रक्रिया भौतिकशास्त्राच्या अर्थाने लाट नव्हे, हे इथेच स्पष्ट करतो. पण तिच्या हिशेबाची रीत आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. एका फेरीत उरलेला अंश इतका लहान असतो की तो डोळ्यांना दिसत नाही. शंभर फेऱ्यांनंतर मात्र तोच मुख्य गोष्ट होऊन बसतो.

२

आता शेतातून जलाशयाकडे जाऊ. इंदापूर तालुक्याच्या उत्तर आणि पूर्व सीमेवर भीमा वाहते. सोलापूर जिल्ह्यात उजनीला धरण झाले, १९८० साली ते पुरे झाले, आणि नदीच्या जागी एक विस्तीर्ण पाणपसारा आला. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. पळसदेवसारखी गावे उठून वर आली. जुन्या पळसदेवचे देऊळ पाणी खूप उतरले की दिसू लागते. भिगवणच्या उथळ पाण्यावर रोहित पक्षी येतात. नदीला दिशा असते, जलाशयाला नसते. तिथे पाणी उभे असते; हलतात त्या लाटा.

अशा पाण्यावर वारा सुटला आणि एखादे पान तरंगत असले, तर ते लाटेबरोबर वर येते, थोडे पुढे झुकते, खाली जाते, थोडे मागे येते. या हालचालीचा पहिला नेटका गणिती विचार प्रागच्या गेर्स्टनर यांनी १८०२ साली केला. त्यांच्या गणितात पाण्याचा प्रत्येक कण एका पूर्ण वर्तुळात फिरतो आणि सुरुवातीच्या जागी परततो. १८२५ साली वेबर बंधूंनी काचेच्या अरुंद हौदात तरंगत्या कणांच्या वाटा न्याहाळल्या, आणि त्यांनाही त्या लंबगोलासारख्याच दिसल्या. वर्तुळ पुरे होते, हा समज पक्का होण्यास एवढे पुरेसे होते.

१८४७ साली केंब्रिजमधील अठ्ठावीस वर्षांच्या जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी हेच गणित पुन्हा मांडले. पाण्यात आधीपासून भोवरेपणा नाही, असे त्यांनी धरले. गेर्स्टनर यांच्या उत्तरात तो गुपचूप आला होता. लाटेची उंची अगदी नगण्य न मानता एक पायरी पुढचा हिशेब त्यांनी केला, आणि वर्तुळ पुरे होत नाही असे निघाले. कारण साधे आहे. कण पुढे जातो तेव्हा तो वर्तुळाच्या माथ्यावर असतो, मागे येतो तेव्हा तळाशी. पृष्ठभागाजवळ हालचाल जोरकस, खोलीवर मंद. म्हणून पुढचे पाऊल मागच्या पावलापेक्षा किंचित मोठे पडते. शिवाय पुढे जाताना कण लाटेच्या माथ्याची सोबत करतो, म्हणून तिथे त्याला थोडा अधिक वेळ मिळतो. दर फेरीला पान एखादी बोटभर पुढेच उतरते. या सरकण्याला पुढे ‘स्टोक्स-वाहन’ म्हणता येईल असे नाव मिळाले.

किती सरकते? जलाशयावरच्या मध्यम लाटेचे उदाहरण घेऊ. माथ्यापासून खळग्यापर्यंत उंची २० सेंटिमीटर, एका माथ्यापासून दुसऱ्यापर्यंत ४ मीटर. अशी लाट सेकंदाला अडीच मीटर वेगाने धावते. तिच्यामुळे पृष्ठभागावरचे पाणी सरकते ते सेकंदाला सुमारे ६ सेंटिमीटर, म्हणजे लाटेच्या चाळिसाव्या हिश्श्याने. डोळा लाटेमागे धावतो, म्हणून हे सरकणे त्याला दिसत नाही. पण तासाभरात ते दोनशे मीटरांच्या पुढे जाते. एक मीटर खोलीवर मात्र या ओघाचा विसावा हिस्साही उरत नाही. लाटेची शिलकी वरच्या कातडीत असते.

पावसाळी वाऱ्यात उजनीच्या काठाला जलपर्णीचे थर लागतात, त्यात या ओघाचा वाटा असतो. अर्थात वारा पानांना थेटही ढकलतो आणि वरचे पाणी ओढतोही. वारा वाढला की मोठ्या जलाशयांवर फेसाचे समांतर पट्टे वाऱ्याच्या दिशेने उमटतात. १९२७ साली अटलांटिक ओलांडताना अर्व्हिंग लँगम्यूर यांना समुद्रशेवाळाच्या अशाच लांबच लांब रांगा दिसल्या. पुढे लेक जॉर्ज या सरोवरावर प्रयोग करून त्यांनी १९३८ साली दाखवले की त्या रांगांखाली पाणी जोडीजोडीने उलटसुलट वळत असते आणि जिथे दोन वळणे मिळून खाली बुडतात तिथे फेस गोळा होतो. हे पीळ कशातून येतात याची समाधानकारक उपपत्ती १९७६ साली क्रेक आणि लायबोविच यांनी दिली. तिच्या गाभ्याशी स्टोक्स यांचे तेच बोटभर सरकणे आहे. म्हणजे नगण्य मानलेली शिलकी नुसती पाने वाहून थांबत नाही, ती साऱ्या वरच्या थराची घडण बदलते.

यातली एक गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम ध्यानात घ्यावी, असे आम्हांस वाटते. पाण्यात एक खुंट रोवून त्याच्याशी पाणी किती वेगाने आले-गेले हे दिवसभर मोजले, तर लाटेच्या खळग्याखालच्या पाण्यात सरासरी शून्य येते. पानाबरोबर गेले तर ती शून्य नसते. दोन्ही मोजणाऱ्यांची मापे अचूक आहेत. त्यांनी विचारलेला प्रश्न निराळा आहे. शास्त्रज्ञ या दोन दृष्टींना ऑयलर आणि लाग्रांज यांची नावे देतात. दशकवार, कालखंडवार लिहिलेला वाङ्मयेतिहास हा खुंटावरून घेतलेला हिशेब असतो. एकाच रचनेबरोबर, एकाच वृत्ताबरोबर किंवा एकाच शब्दकळेबरोबर शतकभर चालत जाणारा अभ्यास मराठीत फार थोडा झाला आहे.

३

स्टोक्स यांच्या लाटेत घर्षण नव्हते. घर्षण आले की गोष्ट अधिक विलक्षण होते. १८३१ साली मायकेल फॅरडे कंप पावणाऱ्या पट्ट्यांवर भुकटी टाकून पाहत होते. वाळू शांत रेषांवर जमे, पण अगदी हलकी भुकटी नेमकी जिथे कंप जास्त तिथे जमे. फॅरडे यांनी दाखवले की कंपामुळे पट्टीलगतच्या हवेत संथ प्रवाह उठतात आणि ते भुकटीला तिकडे नेतात. हवा काढून घेतली की हलकी भुकटीही वाळूसारखीच शांत रेषांकडे जाते. केवळ मागे-पुढे थरथरणाऱ्या पट्टीतून एका दिशेने वाहणारा वारा निघत होता.

१८८४ साली लॉर्ड रेली यांनी त्याची उपपत्ती दिली. ध्वनितरंग नळीच्या भिंतीलगत येतात तिथे घर्षणाच्या पातळ थरात त्यांची लय किंचित बिघडते. पुढची आणि मागची हालचाल एकमेकींना तंतोतंत फेडत नाहीत, आणि त्या बाकीतून संथ ओघ सुरू होतो. आश्चर्य असे की भिंतीलगतच्या त्या ओघाचा वेग हवेच्या चिकटपणावर अवलंबून नसतो. चिकटपणा कमी असो वा जास्त, वेग तोच. पण चिकटपणा मुळीच नसेल, तर हे गणितच उभे राहत नाही. विरोध किती आहे याला महत्त्व नाही, तो आहे याला आहे.

या विचाराला १९६१च्या आसपास नेमके रूप मिळाले. नॉर्वेतील एलियासेन व पाम आणि अमेरिकेतील चार्नी व ड्राझिन यांच्या कामातून असा नियम पुढे आला : लाट स्थिर गतीने चालत असेल, कुठे विरत नसेल, फुटत नसेल, तर ती ज्या माध्यमातून जाते त्याच्या मूळ प्रवाहात कायमचा बदल करू शकत नाही. ती संवेग घेऊन येते आणि तसाच घेऊन निघून जाते. जिथे ती विरते, शोषली जाते किंवा फुटते, तिथेच तो संवेग माध्यमाला मिळतो. लाटेचे देणे तिच्या मोडण्याच्या जागी असते, आणि ती जागा उगमापासून शेकडो-हजारो किलोमीटर दूर असू शकते.

४

या नियमाची सर्वांत भव्य साक्ष आपल्या डोक्यावरच्या आभाळात आहे. ऑगस्ट १८८३मध्ये क्राकाताऊ ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्याची धूळ विषुववृत्ताभोवती पश्चिमेकडे सरकत सुमारे दोन आठवड्यांत पृथ्वीची प्रदक्षिणा करून आली. त्यावरून ठरले की विषुववृत्तावर खूप उंचावर पूर्वेकडून वारा वाहतो. १९०८ साली जर्मन शास्त्रज्ञ बेर्सोन यांनी पूर्व आफ्रिकेत फुगे सोडले, तेव्हा त्याच टापूत वारा पश्चिमेकडून आढळला. दोघांचे निरीक्षण खरे असणार म्हणून पुढील पन्नास वर्षे दोन्ही वारे एकाच वेळी, एकाखाली एक असे नकाशांवर दाखवले गेले.

१९६०-६१मध्ये अमेरिकेत रीड आणि त्यांचे सहकारी यांनी, तर ब्रिटनमध्ये व्हेरायर्ड आणि एब्डन यांनी स्वतंत्रपणे उलगडा केला. वारे दोन नव्हतेच. एकच वारा सुमारे अठ्ठावीस महिन्यांनी दिशा बदलून पुन्हा मूळ दिशेला येत होता. नवी दिशा आधी वर, तीस-पस्तीस किलोमीटरवर उमटे आणि महिन्याला साधारण एक किलोमीटर अशी खाली उतरे. १८८३ आणि १९०८ ही एका लांब आवर्तनाची दोन टोके होती. पण वर्षाचा ऋतुक्रम बारा महिन्यांचा. मग अठ्ठावीस महिन्यांचे हे घड्याळ कोण चालवते?

१९६८ साली रिचर्ड लिंडझेन आणि जेम्स हॉल्टन यांनी उत्तर दिले : लाटा. विषुववृत्तावरचे गडगडाटी ढग खालच्या हवेला हिसके देतात. त्यातून पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे चालणारे तरंग स्थितांबरात चढतात. वरचा वारा ज्या दिशेचा असेल त्याच दिशेचे तरंग त्याच्यात विरतात आणि त्याला आणखी जोर देतात. विरुद्ध दिशेचे तरंग पार होऊन वर जातात व तिथे विरुद्ध वारा उभा करतात. तो हळूहळू खाली उतरतो आणि जुन्याची जागा घेतो. मग भूमिका बदलतात. खाली लाटांना कोणतीच बाजू नाही. दिशा येते ती कोण कुठे मोडते यावरून.

हे खरे वाटणे कठीण होते. १९७८ साली प्लंब आणि मॅकइवन यांनी एका वर्तुळाकार हौदात मिठाचे पाणी थरांनी भरले, खाली जड आणि वर हलके, आणि तळाचा पडदा नुसता वर-खाली हलवत ठेवला. हलवण्यात डावेउजवे काहीही नव्हते. काही वेळाने हौदातले पाणी एका दिशेने फिरू लागले. मग थांबले, उलटले, आणि उलटणे वरून खाली उतरत गेले. आकाशातले अठ्ठावीस महिने एका खोलीत आले.

हे आवर्तनही अढळ नाही. २०१६च्या आरंभी, नोंदी सुरू झाल्यापासून प्रथमच, ते मध्येच विस्कटले. उत्तर गोलार्धाच्या मध्यम अक्षांशांकडून आलेल्या लाटा विषुववृत्तावर अवेळी मोडल्या आणि पश्चिमी वाऱ्याच्या ऐन मध्यात पूर्वेचा वारा उमटला. २०१९-२०मध्ये पुन्हा तसेच घडले.

५

या उंचावरच्या वाऱ्याचा इंदापूरच्या जिरायत रानाशी काय संबंध, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर पुण्याच्या वाटेने येते. हवामान खात्याची कचेरी १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आली. उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणारी संस्था १९६२ साली पुण्यातच उभी राहिली. १९८०च्या दशकात तिथल्या संशोधकांनी स्थितांबरातील या दोलायमान वाऱ्याचा आणि भारतातल्या मोसमी पावसाचा आकडेवारीचा संबंध तपासला. १९८८ साली वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली मोसमी पावसाच्या दीर्घ मुदतीच्या अंदाजाचे सोळा घटकांचे सूत्र तयार झाले. त्या सोळांत पॅसिफिकच्या पाण्याचे तापमान होते, हिमालयाचे बर्फ होते, आणि १० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवरचा, म्हणजे सुमारे तीस किलोमीटर उंचीवरचा, वाराही होता. ढगांनी उठवलेल्या लाटांच्या शिलकीतून घडलेला तो वारा, ज्वारी-बाजरीची पेरणी केव्हा आणि किती करावी या विचारात अशा रीतीने येऊन बसला.

जूनमधल्या वृत्तपत्रांत ‘सोळापैकी इतके घटक अनुकूल’ अशा बातम्या येत. त्या पिढीच्या वाचकाला त्या आठवत असतील. अनेक वर्षे अंदाज ठीक ठरले. २००२ साली मात्र सामान्य पावसाचा अंदाज दिला गेला आणि देशाचा पाऊस सरासरीच्या एक्क्याऐंशी टक्क्यांवरच थांबला. पर्जन्यछायेतल्या मुलखाला अशा वर्षाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. २००३पासून हवामान खात्याने ते सूत्र बाजूला ठेवून नवी सूत्रे आणली.

गोवारीकरांच्या सूत्राला इथे दोष देण्याचा हेतू नाही. ते आपल्या काळातले धाडसी काम होते, आणि स्थितांबरातला वारा त्यात घेणे ही दूरदृष्टीही होती. मुद्दा पद्धतीचा आहे. दोन गोष्टी बरोबर चढतात-उतरतात हे आकड्यांनी कळते. एकीचा संवेग दुसरीला कुठे आणि कसा मिळतो हे त्यातून कळत नाही. लिंडझेन आणि हॉल्टन यांचे मोठेपण असे की त्यांनी मिळण्याची जागा दाखवली. वाङ्मयेतिहासातही आपण बरोबर चढणाऱ्या-उतरणाऱ्या गोष्टींच्या याद्या सहज करतो : स्वातंत्र्य आले आणि नवकथा आली, सहकारी साखर कारखाने आले आणि ग्रामीण साहित्य बहरले. याद्या खोट्या नसतात. पण लाट कुठे मोडली हे दाखवल्याविना त्या सोळा घटकांच्या सूत्रासारख्याच राहतात. चालतात तोवर चालतात.

६

जागा दाखवणे म्हणजे काय, याचे उदाहरण बारामतीतच आहे. मोरोपंत १७२९ साली पन्हाळ्यास जन्मले, पण त्यांचे काव्य घडले ते बारामतीत, बाबूजी नाईकांच्या आश्रयाखाली. १७९४ साली त्यांचे निधनही तिथेच झाले. ‘आर्याभारत’, ‘केकावली’, एकशेआठ रामायणे : इतके लेखन करणारा कवी मराठीत विरळा. वाङ्मयेतिहासाच्या खुंटावरून पाहिले तर पंडिती काव्याची लाट त्यांच्यापाशी शिखरावर गेली आणि पेशवाई संपताना ओसरली. शाब्दिक कसरत, यमकांचा सोस, संस्कृतप्रचुरता या आरोपांसह तिला निरोप देण्यात आला.

पानाबरोबर जाऊन पाहिले तर चित्र निराळे आहे. पंतांची आर्या पंडितांच्या सभेतून अखंड निघून गेली असती, तर नियमाप्रमाणे मागे काहीच उरले नसते. ती मोडली कीर्तनात. कीर्तनकाराने निरूपणाच्या ओघात एखादीच आर्या घेतली, तिचा अन्वय लावला, तिला चाल दिली, श्रोत्यांच्या बोलीत ती समजावली. पंडिती बंधाची अखंडता तिथे गेली. त्या मोडण्यातच वृत्ताची जाण, समासांची सवय आणि पुराणकथांची शब्दकळा अक्षरशत्रू श्रोत्यांच्या कानात उतरली. पुढे १८५४ साली परशुरामपंत गोडबोले यांच्या ‘नवनीत’मधून ती शाळेत पोचली. १८७४ साली सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी मोरोपंतांच्या कवितेची बाजू मांडली ती ज्या वाचकासमोर, तो वाचक आर्या ऐकत वाढलेला होता. निबंधाच्या मराठी गद्याला जे वजन आले त्यात इंग्रजी वाक्यरचनेचा वाटा सर्वांनी मान्य केला आहे. कानात साचलेल्या आर्येचा वाटा मोजायचा राहिला आहे. तो मोजता येणार नाही असे नाही. फक्त तो वरच्या कातडीत शोधावा लागेल, म्हणी, पत्रव्यवहार, शालेय उतारे आणि कीर्तनाच्या टिपणवह्या यांत.

रूपकाला ताणू नये, हे आम्ही जाणतो. भाषा म्हणजे पाणी नव्हे, आणि कवीला संवेगाचे समीकरण लागू होत नाही. पण ‘लाट’ हे रूपक आपण आधीच स्वीकारले आहे आणि त्याच्या जोरावर निवाडे देत आलो आहोत. रूपक घ्यायचे तर ते अर्धे घेऊन चालणार नाही. पाण्याने आपल्याला दोन गोष्टी दाखवल्या आहेत. एक, येणे आणि जाणे क्वचितच पूर्ण फिटते. दर फेरीची बाकी लहान असते, म्हणून ती लांब मुदतीनेच पाहावी लागते. दोन, लाटेचे देणे तिच्या उसळण्याच्या जागी नव्हे, मोडण्याच्या जागी शोधावे लागते. पहिल्या गोष्टीसाठी धीर लागतो, दुसरीसाठी चौकशी.

बाकी नेहमी हितकारकच असते असेही नाही, हे नीरेच्या काठाने शंभर वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. पाळीने ऊस दिला आणि मीठही दिले. म्हणून एखादी वाङ्मयीन लाट ओसरल्याचे लिहिताना पुढचा प्रश्न टाळता येणार नाही : वावरात काय राहिले, पोयटा की क्षार? त्याचे उत्तर लाटेची उंची मोजून मिळत नाही. त्यासाठी पाणी उतरल्यावर वावरात जाऊन माती हातात घ्यावी लागते.